एका बटणाचा छोटा राईस कुकर : तीन वर्षांच्या रोजच्या वापरानंतर

कॉलेजच्या पहिल्या वर्षी खोली घेऊन राहू लागलो, तेव्हा स्वयंपाकासाठी माझ्याकडे एक टेबल, भिंतीतले एक सॉकेट आणि रात्रीचा जेमतेम तासभर वेळ एवढेच होते. गॅसची सोय नव्हती आणि रोज बाहेर जेवणे परवडत नव्हते. त्या वेळी मी विजेवर चालणारा सर्वांत लहान आणि सर्वांत साधा राईस कुकर घेतला. त्याचे भांडे एक लिटरचे असून तो ३५० वॅटचा आहे, त्याला काचेचे झाकण, वाफेवर शिजवण्यासाठी एक जाळी आणि पुढच्या बाजूला एकच खटका आहे. खटका खाली केला की शिजवणे सुरू होते, आपोआप वर आला की अन्न नुसते गरम राहते. गेली तीन वर्षे आठवड्यातून पाच-सहा दिवस मी याच भांड्यात जेवण करतो आहे, म्हणून त्याच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण या प्रकारच्या बहुतेक कुकरची आतली रचना सारखीच असते आणि जे गुणदोष मी सांगणार आहे, ते बहुतांशी त्या रचनेतूनच आलेले आहेत.

माझे मत आधीच सांगतो. एकट्यापुरते शिजवणाऱ्या विद्यार्थ्याने पहिली वस्तू विकत घ्यायची असेल, तर ती हीच घ्यावी. भात चांगला होतो हे त्याचे एक कारण आहेच, पण माझ्या दृष्टीने मोठे कारण हे की या भांड्यासमोर उभे राहावे लागत नाही. परीक्षेच्या दिवसांत आपण बाहेरचे खातो ते शिजवता येत नाही म्हणून नव्हे. शिजत असलेल्या पातेल्याकडे अर्धा तास लक्ष ठेवण्याइतके त्राण उरलेले नसते म्हणून खातो. तांदूळ धुऊन, पाणी घालून, खटका दाबून मी अभ्यासाला बसतो, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी "खट्" असा आवाज आला की जेवण तयार असते. पातेले करपण्याची धास्ती डोक्यातून गेली आणि घरी शिजवण्याचा कंटाळाही गेला.

तो खटका आपोआप वर कसा येतो, हे समजून घेतले तर या कुकरचा निम्मा वापर आपोआप उमगतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. आतले भांडे बाहेर काढल्यावर तळाशी तापणारी गोल चकती दिसते आणि तिच्या मधोमध स्प्रिंगवर बसवलेली एक लहान टिकली असते. बोटाने दाबली तर ती खाली जाते. या टिकलीच्या आत चुंबक आणि एका विशिष्ट मिश्रणाचा तुकडा असतो, आणि त्या तुकड्याचे चुंबकीय गुण पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या थोडेसे वर, सुमारे १०३ अंश सेल्सिअसला, नाहीसे होतात. भांड्यात मोकळे पाणी आहे तोवर तळाचे तापमान १०० अंशांच्या फारसे पुढे जात नाही, कारण मिळणारी सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. तांदळाने पाणी शोषून घेतले आणि उरलेले उडून गेले, की तळ झपाट्याने तापू लागतो, चुंबक सुटतो, स्प्रिंग आपले काम करते आणि खटका वर येतो. म्हणजे हा कुकर वेळ मोजत नाही, तो पाणी संपण्याची वाट पाहतो. त्यामुळे किती वेळ लावायचा हा प्रश्नच उरत नाही. पाणी किती घालायचे एवढेच आपल्याला ठरवावे लागते. पाणी संपले की आपोआप बंद होण्याची ही कल्पना जुनी आहे. जपानमध्ये तोशिबा कंपनीने १९५५ साली बाजारात आणलेल्या राईस कुकरमध्ये चुंबकाऐवजी दोन धातूंची वाकणारी पट्टी होती आणि भांड्यात भांडे ठेवून बाहेरच्या भांड्यात मोजून पाणी घालावे लागे; ते बाहेरचे पाणी आटले की पट्टी वाकून वीज बंद होई.

पाण्याचे प्रमाण हीच नवख्यांची मोठी अडचण असते आणि ती बहुधा मापामुळे निर्माण होते. कुकरसोबत मिळणारे प्लॅस्टिकचे माप १८० मिलिलिटरचे असते, तर पाककृतींमधला "कप" बहुधा २४० किंवा २५० मिलिलिटरचा धरलेला असतो. तांदूळ एका मापाने आणि पाणी दुसऱ्याने मोजले की भात बिघडणारच. माझ्याकडचे माप एकदा हरवले होते, तेव्हा मी चहाच्या कपाने काम चालवले आणि सलग चार दिवस भाताची लापशी झाली. दुसरी गोष्ट अशी की तांदूळ दुप्पट घेतला म्हणून पाणी दुप्पट घ्यायचे नसते. तांदूळ साधारण आपल्या आकारमानाइतके पाणी शोषतो, आणि वाफ होऊन जाणारे पाणी मात्र तांदूळ थोडा असो की जास्त, जवळजवळ तेवढेच असते. माझ्या कुकरमध्ये हे उडून जाणारे पाणी अर्धे माप आहे. म्हणून एका मापाला मी दीड माप पाणी घालतो आणि दोन मापांना अडीच. झाकण सैल असेल तर वाफ जास्त जाते, तांदूळ जुना असेल तर तो अधिक पाणी मागतो, तेव्हा प्रत्येकाने पहिल्या आठवड्यात आपापले "उडणारे पाणी" शोधून काढावे आणि भिंतीवर लिहून ठेवावे. आसट भात हवा असेल तर आणखी पाव माप पुरते.

खटका वर आल्यावर झाकण लगेच उघडू नये. दहा मिनिटे वाफ मुरू दिली की तळाचा भात आणि वरचा भात सारखा होतो, तळाशी चिकटलेली पातळ खरवडही सुटून येते. तांदूळ दोन-तीन पाण्यांनी धुतला तर वरचा सुटा स्टार्च निघून जातो आणि झाकणाच्या भोकातून फेस उडत नाही. एक माप भाताला माझ्याकडे सुमारे २५ मिनिटे लागतात. ३५० वॅटच्या हिशेबाने हे ०.१५ युनिटही होत नाही, म्हणजे एका युनिटात सहा-सात वेळा भात होतो. स्वस्त जेवणाच्या हिशेबात विजेची चिंता करण्याचे कारण नाही, एवढे यावरून कळते. पहिल्या वर्षी मी प्रत्येक जेवणाचा खर्च वहीत लिहीत असे, आणि बाहेरच्या जेवणाशी तुलना करता कुकरची किंमत सातव्या आठवड्यात वसूल झाली होती.

आता नुसत्या भाताच्या पुढे जाऊ. या भांड्याची खरी किंमत मला कळली, ती डाळ आणि तांदूळ त्यात एकत्र शिजवू लागल्यावर. अर्धे माप तांदूळ, पाव माप मसुराची डाळ, बारीक चिरलेले एक गाजर, एक लहान बटाटा, चवीपुरते मीठ, चमचाभर तेल आणि अडीच माप पाणी एवढ्यात एका माणसाचे पोटभर जेवण होते, आणि धुवायला एकच भांडे पडते. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि डाळींमध्ये ते भरपूर असते. उलट डाळींत मेथिओनिन कमी असते आणि ते धान्यातून मिळते. त्यामुळे दोन्ही एकत्र खाल्ले की प्रथिनांच्या बाबतीत हे जेवण दिसते त्यापेक्षा बरेच सकस असते. मसुराची सोललेली डाळ भिजवावी लागत नाही आणि तांदळाबरोबरच शिजते, म्हणून सुरुवात तिच्यापासून करावी. टोमॅटो घालायचा असेल तर तो शिजत आल्यावर घालावा, कारण आंबटपणामुळे डाळ मऊ व्हायला वेळ लागतो. आणि डाळ असताना भांडे अर्ध्याच्या फार वर भरू नये. डाळीचा फेस वर येतो आणि झाकण उचलून उतू जातो. तेलाचा तो एक चमचा चवीसाठी आहेच, पण त्याने फेसही आवरतो.

वाफेच्या जाळीविषयी आधी मला विशेष काही वाटत नव्हते. आता ती नसलेला कुकर मी घेणार नाही. खाली भात शिजत असताना वर कोबी, फरसबी, मटार किंवा रताळ्याच्या चकत्या ठेवल्या तर त्याच विजेत आणि त्याच वेळात भाजी होते. अंडीही होतात, पण ती सुरुवातीपासून ठेवू नयेत. पाण्याला कढ येऊन झाकणाखाली वाफ कोंडली, की मी झाकण क्षणभर उचलून अंडी जाळीवर ठेवतो. तिथून बारा मिनिटांत बलक घट्ट होतो. पूर्ण वेळ ठेवली तर पांढऱ्या भागातला गंधक आणि बलकातले लोह यांच्या संयोगाने बलकाभोवती हिरवट करडी कडा येते. ती अपायकारक नसते, मात्र अंडे चिवट होते आणि त्याला वास येतो. पालेभाजी जाळीवर ठेवण्याऐवजी खटका वर आल्यानंतर गरम भातात मिसळून झाकण लावावे, मुरण्याच्या दहा मिनिटांत ती होऊन जाते.

पास्ता आणि ओट्स यांत होतात, पण दोन्ही उतू जातात आणि समोर उभे राहावे लागते, तेव्हा या कुकरचा मुख्य फायदाच निघून जातो.

परतण्याच्या बाबतीत मात्र हा कुकर कमी पडतो, आणि त्याचे कारण वर सांगितलेल्या चुंबकातच आहे. कांदा-लसूण तेलात परतायला तापमान १०० अंशांच्या बरेच वर जावे लागते, आणि तेवढे तापले की खटका सुटतो. एकदा सुटला की तळ थोडा निवेपर्यंत तो खाली टिकतच नाही, कितीही दाबला तरी. काही जण खटक्यावर चिकटपट्टी लावून किंवा वजन टांगून तो खाली धरून ठेवतात. असे कुणीही करू नये. या कुकरला जास्त तापण्यापासून वाचवणारी मुख्य सोय तीच आहे. मी करतो ते असे : तेलात कांदा घालून खटका दाबतो, तो आपोआप सुटेपर्यंत हलवत राहतो आणि मग त्यातच तांदूळ, डाळ व पाणी घालतो. पाण्याने तळ निवतो आणि खटका पुन्हा टिकतो. कांदा लालसर होत नाही, पण त्याचा कच्चा वास जातो आणि तेलाला स्वाद येतो. खमंग परतलेले काही हवे असेल तर वेगळा तवा आणि वेगळी शेगडी लागेल, हे घेण्यापूर्वीच समजून असावे.

कडधान्यांविषयी मला जरा कळकळीने लिहायचे आहे, कारण स्वस्त जेवण म्हटले की सगळे त्यांचेच नाव घेतात. हरभरा, राजमा, वाल ही रात्रभर भिजवूनही या कुकरमध्ये नीट शिजायला फार वेळ घेतात आणि मध्ये दोन-तीनदा पाणी घालावे लागते. प्रेशर कुकरमध्ये दाबामुळे पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते, इथे ते १००च्या पुढे जात नाही, एवढाच फरक, पण तो मोठा आहे. राजम्याच्या बाबतीत तर हा सुरक्षेचा प्रश्न आहे. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असते आणि अर्धवट शिजलेल्या थोड्याशा दाण्यांनीही जोराच्या उलट्या होतात. तो किमान पाच तास भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात खळखळ उकळावा लागतो; दहा मिनिटे हे किमान समजतात, तीस मिनिटे उकळणे अधिक सुरक्षित. "वॉर्म"वर किंवा मंद आचेवर तो तासन्‌तास ठेवून मऊ करण्याचा प्रयत्न कधीही करू नये, कारण उकळी न फुटता नुसत्या गरम पाण्यात राहिल्याने हे विष नाहीसे होत नाही. माझ्या शेजारच्या खोलीतल्या मित्राने असा राजमा खाल्ला आणि त्याची रात्र दवाखान्यात गेली. डब्यातला राजमा आधीच शिजवलेला असतो, तो निर्धास्तपणे भातात घालता येतो. बाकी कडधान्यांसाठी लहान प्रेशर कुकर मिळाला तर तो या भांड्याचा उत्तम जोडीदार ठरतो.

तितकीच काळजी उरलेल्या भाताची घ्यावी. तांदळात एका जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवल्यानेही मरत नाहीत. भात खोलीच्या तापमानाला पडून राहिला की ते वाढतात आणि जे विष तयार करतात त्यातले एक पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून उरलेला भात पसरट ताटात काढून तासाभरात निववावा, फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. "वॉर्म"वर ठेवला आहे म्हणजे सुरक्षित आहे, असेही मी आता मानत नाही. अन्न गरम ठेवायचे तर ते ६० अंशांच्या वर राहिले पाहिजे. एकदा स्वयंपाकाचा थर्मामीटर मिळाला तेव्हा मी "वॉर्म"वर पाच तास ठेवलेला भात मोजून पाहिला. मधोमध ६८ अंश होते, पण भांड्याच्या कडेला, जिथे काचेच्या झाकणाचे पाणी ठिबकते, तिथे ५७. तेव्हापासून मी "वॉर्म" तासाभरापेक्षा जास्त वापरत नाही आणि जेवण झाले की प्लग काढतो. झाकण सैल असलेल्या स्वस्त कुकरचा हा दोषच म्हणावा लागेल. बिजागरीचे झाकण असलेले कुकर यात पुष्कळ बरे असतात.

आता तक्रारी. आतल्या भांड्याचा नॉन-स्टिक थर दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मधोमध निघू लागला. मी लाकडी चमचाच वापरत होतो, पण तांदूळ त्याच भांड्यात धूत असे, आणि रोजच्या घासण्याने थर झिजत गेला असावा. आता तांदूळ वेगळ्या वाडग्यात धुतो. नवे भांडे मागवायला गेलो तर कंपनीने कळवले की या मॉडेलचे भांडे सुटे मिळत नाही, अख्खा कुकरच घ्यावा लागेल. हे मला अजिबात पटले नाही. ज्या वस्तूत झिजणारा भाग मुळात एकच आहे, त्या वस्तूचा तो भाग मिळू नये, ही ग्राहकाची शुद्ध अडवणूक आहे. शेवटी दुसऱ्याच कंपनीचे भांडे मापाने जुळवून बसवले, आणि त्यात एक मिलिमीटरचा फरक असल्याने पहिले काही दिवस भात एका बाजूला कच्चा राहिला. म्हणून घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न हा विचारावा, की आतले भांडे वेगळे मिळते का. स्टीलचे भांडे असलेला कुकर मिळाला तर मी तो पसंत करीन; भात थोडा चिकटतो, पण पाणी घालून ठेवले की सुटतो आणि थर निघण्याची भानगड नाही.

वायर फारच आखूड आहे, त्यामुळे बहुतेकांना एक्स्टेंशन बोर्ड लागतो. राईस कुकर एकटा फार वीज ओढत नाही, पण त्याच बोर्डावर दीड हजार वॅटची किटली किंवा इस्त्री लावू नये. वसतिगृहात राहणाऱ्यांनी आधी नियम विचारून घ्यावा. पुष्कळ ठिकाणी खोलीत विजेवर शिजवायला मनाई असते आणि ती लपवण्यात अर्थ नाही. वापरताना एक सवय मात्र लावून घ्यावी : भांडे आत ठेवण्यापूर्वी त्याचा तळ आणि खालची चकती हाताने पुसून घ्यावी. तिथे अडकलेला तांदळाचा एक दाणाही पुरतो. भांडे किंचित उचललेले राहते, टिकलीवर नीट टेकत नाही, मोकळी चकती तापते आणि पाणी शिल्लक असतानाच खटका सुटतो. कुकर बिघडला म्हणून मी तो दुरुस्तीला नेला होता. दुकानातल्या काकांनी भांडे उलटे केले, नखाने एक वाळलेला दाणा खरवडून काढला आणि पैसे घेतले नाहीत.

पडदा आणि दहा-बारा बटणे असलेले महागडे कुकर मित्रांकडे वापरून पाहिले आहेत. त्यांचा भात किंचित सरस होतो आणि सकाळची वेळ लावून ठेवता येते, हे खरे. पण त्यांना एका भाताला पाऊण तास लागतो, आणि आतला सर्किट बोर्ड बिघडला की घरी काहीच करता येत नाही. विद्यार्थ्याने तो जादा पैसा चांगल्या डाळींवर आणि भाज्यांवर घालावा. आकाराच्या बाबतीत मात्र मी माझी निवड बदलेन : एक लिटरऐवजी दीड लिटरचा घेईन, कारण डाळ-तांदूळ एकत्र शिजवताना मोकळी जागा लागते आणि जेवायला कुणी आले तर दोघांपुरते एका वेळी होते. सध्या मला दोनदा लावावा लागतो, आणि पहिला भात ताटात निवत असताना दुसऱ्याच्या "खट्"ची वाट पाहत आम्ही दोघे बसलेले असतो.